इतिहासाचा तास सुरू कसा करायचा: पहिल्या सात मिनिटांची तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

"मुलांनो, आपल्या राज्याचं नाव काय?" "महाराऽऽष्ट्र." "महाराष्ट्रात स्वराज्य कोणी स्थापन केलं?" "शिवाजी महाराजांऽऽनी." "शाब्बास. तर आज आपण पुरंदरचा तह हा घटक अभ्यासणार आहोत."

ही प्रस्तावना बी.एड.च्या सराव पाठात चालून जाते, कारण मागच्या बाकावर निरीक्षक बसलेले असतात आणि त्यांच्या फॉर्मवर पूर्वज्ञान तपासलं, हेतुकथन केलं (म्हणजे आज काय शिकणार ते सांगितलं), अशा बरोबरच्या खुणा पडायच्या असतात. सातवीच्या वर्गात जेवणाच्या सुट्टीनंतरच्या पिरियडला मात्र पोरं अर्धी झोपेत हे कोरसमध्ये म्हणून टाकतात आणि आपल्याला वाटतं वर्ग जागा झाला. आता याला कंटाळून बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात, म्हणजे यूट्यूबचा व्हिडिओ, फेटा बांधून एन्ट्री, पोवाडा वगैरे, पाच मिनिटं वर्ग खूश, आणि मग "चला, पान 34 उघडा" म्हटलं की सगळी हवा गुल. मग स्टाफरूममध्ये तक्रार, की आम्ही एवढं क्रिएटिव्ह करतो तरी मुलांना इतिहासात रस नाही.

रस आहे, आपला क्रम उलटा आहे. आपण आधी गंमत शोधतो आणि मग ती धड्याला चिकटवतो. खाली दिलेला क्रम पाळलात तर फेट्याचीही गरज नाही, बऱ्याचदा रिकाम्या हातानेसुद्धा भागतं. उदाहरणं पुण्यातल्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत, तुमच्या गावाप्रमाणे बदला.

## 1. आधी तासाचा शेवट लिहा

टाचणवहीत (पाठाचं नियोजन लिहायची वही) काहीही लिहायच्या आधी एका कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहा, की आज घंटा झाल्यावर मुलाला काय कळलेलं असायला हवं. घटकाचं नाव लिहायचं नाही, पूर्ण वाक्य लिहायचं.

"पुरंदरचा तह" हे घटकाचं नाव झालं. "1665 मध्ये महाराजांनी मुघलांना 23 किल्ले दिले, 12 राखले, आणि राखलेल्या बळावर 1670 पासून गेलेले गड परत घ्यायला सुरुवात केली" हे वाक्य झालं. यात एक गोष्ट घडते, त्यात निर्णय आहे आणि निर्णयाचा परिणाम आहे. हे वाक्य लिहायला तुम्हाला दहा मिनिटं लागत असतील तर धडा पुन्हा वाचायला हवा, पुढे जाऊ नका. मुलांसमोर जी सुरुवात फसते ती बहुतेक वेळा इथेच फसलेली असते, वर्गात फक्त दिसते.

तपासा: वाक्यात "माहिती मिळेल", "महत्त्व समजेल", "ओळख होईल" असं काही आलंय का? आलं असेल तर ते वाक्य टाचणाचं आहे, आपल्या कामाचं नाही. खोडा.

## 2. त्या वाक्यातून प्रश्न काढा

आता त्या उत्तराचा प्रश्न करायचा. इथे तीन अटी आहेत आणि तिन्ही एकदम पूर्ण व्हायला हव्यात, दोनवर भागवू नका.

पहिली अट, मुलाला पुस्तक न वाचता अंदाज बांधता आला पाहिजे. "पुरंदरचा तह कोणाकोणात झाला?" याला अंदाज चालत नाही, माहीत असेल तर माहीत, नाहीतर गप्प. "35 किल्ल्यांतले 23 द्यायची वेळ आली तर कुठले देणार आणि कुठले जिवापाड राखणार?" याला मागच्या बाकावरचा पोरगाही काहीतरी बोलतो, कारण त्याने निदान सिंहगड तरी पाहिलाय आणि त्याचं मत आहे.

दुसरी, उत्तर एका शब्दात संपता कामा नये. कोडं आणि प्रश्न यात लोक फार गल्लत करतात. पानिपतानंतर पेशव्यांना गेलेला सांकेतिक निरोप आपण सगळेच ऐकत आलोय, मोती गळाले, मोहरा हरवल्या, चिल्लर किती गेली त्याची गणतीच नाही. फळ्यावर लिहायला झकास आहे (आकडे मात्र गाळा, ते ठिकठिकाणी वेगळे सापडतात). पण "ओळखा पाहू, मोती कोण?" असं विचारलंत तर कुणीतरी "विश्वासराव आणि भाऊ" म्हणतो, टाळ्या पडतात आणि उत्सुकता तिथल्या तिथे संपते. त्याऐवजी ओळखून झाल्यावर विचारा, "मोती दोनच, मग बातमी लिहिणाऱ्याने चिल्लरीचा उल्लेख का केला असेल? ती चिल्लर म्हणजे कोण, आणि ती गेल्यावर पुण्यात घरोघरी काय झालं असेल?" आता 14 जानेवारी 1761 ही तारीख नुसती तारीख राहत नाही.

तिसरी अट सगळ्यात जास्त मोडली जाते: उत्तर आजच्याच तासात मिळालं पाहिजे. खूप भारी प्रश्न विचारायचा आणि धड्यात त्याचा पत्ताच नाही, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा मुलं अंदाज करायच्या भानगडीत पडत नाहीत, त्यांना कळतं की सर नुसतंच विचारतात.

सावधान: "का?" असलेला प्रत्येक प्रश्न चांगला नसतो. "भारतावर इंग्रजांनी राज्य का केलं?" हा एका तासात न मावणारा प्रश्न आहे.

## 3. आता साहित्य निवडा

इथवर वस्तू, नकाशा, फोटो यातलं काहीही मनात आणायचं नव्हतं. आता आणा. प्रश्न तयार असला की साहित्य आपोआप सुचतं आणि मुख्य म्हणजे काय टाकून द्यायचं ते कळतं. खाली प्रकार देते, सगळे करायचे नाहीत, एका धड्याला एकच.

निर्णय घ्यायला लावणारा नकाशा. पुरंदरच्या तहासाठी हाच. अप्पा बळवंत चौकात कोरे नकाशे मिळतात, पण पुणे परिसर त्यात बारीक येतो, तेव्हा फळ्यावर हाताने काढलेला बरा. सिंहगड, पुरंदर, लोहगड, तिकोना, राजगड, तोरणा, रायगड एवढे सात पुरे. दोन-दोन बाकांचा गट, प्रत्येक गटाने सातातले तीन राखायचे आणि कारण एका ओळीत लिहायचं. बहुतेक गट सिंहगड सोडायला तयार होत नाहीत, रविवारी भजी-पिठलं खायला जातो तो गड, कसा द्यायचा? आणि मग धड्यात कळतं की तो, म्हणजे तेव्हाचा कोंढाणा, दिला होता, पुरंदर, लोहगड, तिकोनाही दिले, आणि राजगड, तोरणा, रायगड ठेवले. का ठेवले हे विचारायची वेळच येत नाही, तेच विचारतात. राजधानी तेव्हा राजगडावर होती ही गोष्ट अशी सांगितली की लक्षात राहते.

खिशातलं नाणं. शिवराज्याभिषेकासाठी (6 जून 1674) याच्याइतकी स्वस्त सुरुवात नाही. फक्त आता मुलांच्या खिशात नाणी नसतात, सगळं स्कॅन करून चालतं, म्हणून दहाच्या नाण्यांची मूठभर चिल्लर आपणच न्यायची. प्रत्येक गटाला एक, यावर काय काय लिहिलंय आणि काढलंय ते वहीत उतरवा. मग शिवराईचा, म्हणजे महाराजांच्या तांब्याच्या नाण्याचा, मोठा प्रिंट दाखवा, एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपति". प्रश्न असा: नाण्यावर कोणाचं नाव घालायचं हे ठरवायचा हक्क कोणाला असतो? यावरून सार्वभौम हा शब्द मुलांपर्यंत पोचतो, नाहीतर तो स्वाध्यायातल्या गाळलेल्या जागेतच राहतो. खऱ्या शिवराईसाठी बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात हिंडायला जाऊ नका, नकली नाणी भरपूर असतात आणि खरं नाणं असलं तरी मागच्या बाकाला त्यातलं काही दिसत नाही.

काहीच नाही, फक्त डोळे मिटायचे. लाल महालावरचा छापा, 5 एप्रिल 1663. मुलांना डोळे मिटायला सांगा, आपल्या घराच्या दारापासून स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या पिंपापर्यंत मनातल्या मनात चाला, लाइट गेलेत असं समजा. जमतं. आता तसंच शेजारच्या सोसायटीतल्या अनोळखी घरात चाला. जमत नाही. प्रश्न: एवढी मोठी फौज सोबत असलेल्या शायिस्तेखानाच्या मुक्कामात, रात्री, मोजक्या माणसांनी शिरण्याचा धोका महाराजांनी कशाच्या जोरावर पत्करला? लहानपण जिथे गेलं तोच वाडा खानाने राहायला निवडला होता, हे पोरं स्वतःच जोडतात. दोन मिनिटांचं काम, खर्च शून्य, आणि चौथीपासून सातवीपर्यंत कुठेही चालतं.

पट्टी आणि वीट. हडप्पा संस्कृतीसाठी. शाळेच्या आसपास कुठेतरी बांधकाम चालू असतंच, पुण्यात तर विचारायलाच नको, एक वीट मागून आणा. दोन मुलांनी जाडी, रुंदी, लांबी मोजायची आणि फळ्यावर लिहायची. शेजारी हडप्पाकालीन विटांचं प्रमाण लिहा, 1:2:4. मग सांगा की एकमेकांपासून शेकडो किलोमीटर लांब असलेल्या शहरांत हेच प्रमाण सापडतं. इथे प्रश्न नीट टाकायला हवा. "हे प्रमाण कोणी ठरवलं?" असं विचारू नका, ते कोणालाच माहीत नाही, त्यांची लिपीच अजून वाचता आलेली नाही. "एकसारख्या विटांवरून त्या लोकांबद्दल काय काय सांगता येईल?" असं विचारा, याचं उत्तर पुस्तकातल्या नगररचनेत, वजनांत आणि व्यापारात मिळतं.

मिठाची पुडी. सविनय कायदेभंग. टेबलावर मिठाची पिशवी ठेवायची, किंमत वाचायला लावायची. नंतर सांगायचं की 12 मार्च 1930 ला गांधीजी 78 सहकाऱ्यांना घेऊन साबरमतीहून चालत निघाले आणि सुमारे 385 किलोमीटर चालून 6 एप्रिलला दांडीला हे उचललं. अंतर नुसतं आकड्यात कळत नाही, पुण्याहून कोल्हापूरला चालत जाऊन परत येताना सातारा ओलांडायचा, असं सांगा. प्रश्न: लढायला मुद्दे कमी नव्हते, मग मीठच का निवडलं? (ज्यांच्या घरी मीठ लागत नाही त्यांनी हात वर करा म्हणा, एकही हात येत नाही, बहुतेकांना उत्तराचं टोक तिथेच सापडतं.)

घरच्यांची आठवण. "इतिहासाची साधने" हा धडा सगळ्यांना रटाळ वाटतो आणि मला विचाराल तर सुरुवात करायला सगळ्यात सोपा तोच आहे. आदल्या दिवशी गृहपाठ द्या, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुराबद्दल विचारा आणि ते जसं बोलतील तसंच लिहून आणा. आता वर्गातली निम्मी पोरं मूळ पुण्याची नसतात, त्यांना पर्याय हवा, कुणाकडे 1972 चा दुष्काळ निघेल, लातूर-धाराशिवकडच्या घरांतून 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप निघेल. एकाच घटनेच्या दोन आठवणी मुद्दाम एकामागोमाग वाचायला लावा. पाणी कुठवर आलं, किती वाजता आलं, यात फरक पडतोच. प्रश्न: दोघीही आज्या तिथेच होत्या, मग कोणाचं खरं धरायचं आणि ते ठरवायला अजून काय काय शोधावं लागेल? मौखिक, लिखित, भौतिक ही तिन्ही साधनं आता मुलंच मागतात, कुणी म्हणतं पेपर बघू, कुणी म्हणतं भिंतीवरची खूण बघू.

सावधान: या प्रकारात घरातलं कुणी गेल्याची आठवण अचानक समोर येऊ शकते, विशेषतः भूकंपाच्या बाबतीत. लिहून आणलेलं आधी स्वतः वाचा, मुलाला विचारा, मगच वर्गात वाचायला द्या.

आताच्या अनुभवाला घासणारी घटना. 1897 चा पुण्यातला प्लेग आठवीला शिकवताना लॉकडाऊनची आठवण कामाला येते, मुलं तेव्हा लहान होती पण घरात कोंडून बसल्याचं विसरलेली नाहीत. साथीत सरकार काय काय करायला लावतं त्याची यादी करून घ्या. मग सांगा, पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली सोल्जर घरात घुसून झडती घ्यायचे, आणि 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीत, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या समारंभातून परतताना चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. प्रश्न: साथ आटोक्यात आणायला नेमलेल्या माणसावर लोक एवढे का पेटले? कशासाठी केलं आणि कसं केलं, यातला फरक मुलं आपणहून काढतात.

आता एक प्रकार जो करायचाच नाही. भिडे वाड्यातल्या 1848 च्या मुलींच्या शाळेचा धडा सुरू करताना "आज सगळ्या मुलींनी वर्गाबाहेर उभं राहायचं" हा प्रयोग फार लोकप्रिय आहे, तसंच अस्पृश्यता शिकवताना काही मुलांना वेगळं बसवून पाणी लांबून द्यायचं वगैरे. अजिबात करू नका. ज्या मुलाच्या घरी ही गोष्ट इतिहासजमा झालेली नाही त्याला तुम्ही सगळ्यांसमोर पुन्हा तिथे उभं करता, आणि बाकीच्यांना ते नाटक म्हणून मजेशीर वाटतं, हे त्याहून वाईट. तिथे साधा प्रश्न पुरतो: मुली शिकल्या तर आपलं काय बिघडेल असं सावित्रीबाईंवर शेण-चिखल फेकणाऱ्यांना वाटत असेल? मुलंमुली मिळून यादी करतात, आणि ती यादी बरीच लांब होते.

## 4. खरं-खोटं तपासा

सुरुवातीला सांगितलेली गोष्ट मुलं सगळ्यात जास्त काळ लक्षात ठेवतात, त्यामुळे तिथे गेलेली चूक धड्यातल्या चुकीपेक्षा महाग पडते. चार जागा हमखास तपासायच्या.

चित्र: सिनेमातलं किंवा मालिकेतलं दृश्य, हल्ली एआयने बनवलेली चित्रंही, "हे बघा त्या वेळचं" म्हणून दाखवली जातात. दाखवायचंच असेल तर "हे नंतर कल्पनेने काढलंय" एवढं वाक्य बोला.

वास्तू: आज आपण कसब्यात बघतो तो लाल महाल अलीकडे बांधलेला आहे, "याच खिडकीतून खान पळाला" असं फोटोवर बोट ठेवून सांगू नका. शनिवारवाड्याचा चौथरा, तट आणि दरवाजे जुने आहेत, आतला वाडा 1828 च्या आगीत गेला.

दंतकथा: तानाजीच्या घोरपडीची गोष्ट मुलांना येतच असते. ती खोडून काढण्यात सुरुवातीची मिनिटं घालवू नका आणि ती खरी म्हणून वापरूही नका. शनिवारवाड्याच्या बाबतीत तर आणखी सांभाळा. नारायणरावांच्या खुनाने (30 ऑगस्ट 1773) तास सुरू करायचा मोह होतो, पण "काका मला वाचवा" हे तीन शब्द वर्गात पडले की पौर्णिमा-अमावास्या, भुतं, कुणाच्या तरी मामाने ऐकलेल्या किंकाळ्या, अख्खा पिरियड गेला समजा. तिथे सुरुवात बारभाईंपासून (खुनानंतर कारभार हातात घेणारं कारभाऱ्यांचं मंडळ) करा, "पेशवा जन्मालाही आलेला नाही, मग कारभार कोणी करायचा?"

तारीख: व्हॉट्सअॅपवर आलेला "आजचा दिनविशेष" जसाच्या तसा फळ्यावर उतरवू नका. पाठ्यपुस्तकाशी जुळत नसेल तर त्या तारखेवर तास उभा करायचा नाही, संपलं.

## 5. आदल्या दिवशीची तयारी

- मोबाईलवर वेळ लावून पूर्ण सुरुवात एकदा मोठ्याने बोलून बघा. सात मिनिटांच्या वर जात असेल तर कापा. तासिका 35 मिनिटांची, त्यातली पाच हजेरी आणि गोंधळात जातात, सातपेक्षा जास्त सुरुवातीला दिली तर धडा उरकावा लागतो.
- प्रिंट शेवटच्या बाकावरून दिसतो का ते रिकाम्या वर्गात जाऊन बघा. दिसत नसेल तर गटागटाला छोटे प्रिंट द्या. एकच फोटो बाकांवरून फिरवायचा नाही, तो शेवटच्या रांगेत पोचेपर्यंत तुम्ही तिसऱ्या मुद्द्यावर असता.
- प्रोजेक्टर वापरणार असाल तर बिनविजेचा पर्याय खिशात हवा. गुरुवारी तर हवाच, त्या दिवशी वीज जाते हे पुणेकरांना सांगायला नको.
- प्रश्न कागदावर शब्दशः लिहून न्या. वर्गात आयत्या वेळी शब्द बदलले की प्रश्नाचं कोडं होतं.

बाकी चिठ्ठ्या कापणं, नकाशा काढणं वगैरे ज्याने त्याने आपल्या सोयीने करावं, मॉनिटरला दिलंत तर आनंदाने करतो, फक्त त्याला प्रश्न सांगू नका.

## 6. वर्गातली सात मिनिटं

इथे क्रम बदलला तर वरची सगळी मेहनत पाण्यात.

पहिलं मिनिट. फळ्यावर घटकाचं नाव लिहायचं नाही, पुस्तक उघडायला सांगायचं नाही. सवयीने हात खडूकडे जातोच, सांभाळा. नाव लिहिलंत की हुशार मुलं पुस्तक उघडून उत्तर वाचून काढतात आणि बाकीच्यांना कळतं की उत्तर कुठे आहे, विचार करायची गरज नाही.

दुसरं मिनिट. वस्तू किंवा नकाशा समोर ठेवा आणि गप्प राहा. हे सगळ्यात अवघड आहे. आपल्याला शांतता सहन होत नाही, आपण लगेच "बघा, काय दिसतंय, हे काय आहे, हे नाणं आहे की नाही?" सुरू करतो. मनात वीसपर्यंत मोजा. चुळबुळ होईल, कुणी हसेल, होऊ द्या.

तिसरं आणि चौथं. आता प्रश्न, एकदाच, लिहून नेला तसाच. लगेच हात वर करायला लावू नका. आधी प्रत्येकाने वहीच्या शेवटच्या पानावर एक ओळ लिहायची, मगच बोलणं. लिहायला लावलं नाही तर नेहमीचे चार जण उत्तरं देतात आणि बाकीचा वर्ग त्यांच्या मताला मत देतो.

पाचवं आणि सहावं. चार-पाच अंदाज घ्या, एक तरी मागच्या रांगेतला. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात मुलांच्याच शब्दांत लिहा. बरोबर-चूक काही म्हणायचं नाही, चेहऱ्यावरही दाखवायचं नाही, "शाब्बास" तर नाहीच, कारण एकाला शाब्बास मिळालं की बाकीच्यांची दुकानं बंद.

सातवं. अंदाजांभोवती चौकट आखा, डस्टर बाजूला ठेवा, "हे पुसायचं नाही" असं सांगा.

तपासा: या सात मिनिटांत तुम्ही बोललात जास्त की मुलं? तुम्ही असाल तर पुढच्या वेळी दुसऱ्या मिनिटाची शांतता वाढवा.

## 7. धड्याशी सांधा जोडा

सगळ्यात जास्त सुरुवाती इथे मोडतात, आणि मोडणारं वाक्य ठरलेलं आहे: "बरं, हे झालं गमतीचं, आता धड्याकडे वळू." तुम्हीच सांगितलंत की आतापर्यंतचं धड्यातलं नव्हतं, मग मुलं तरी का धरून ठेवतील?

त्याऐवजी पुस्तकाला कामाला लावा. "तुम्ही राजगड सोडलात, यांनी सिंहगड सोडला, महाराजांनी काय केलं ते पुस्तकात आहे, दुसऱ्या परिच्छेदात बघा कोणाचा अंदाज जवळ आलाय." मुलं आता पान उघडतात ते स्वतःचा अंदाज तपासायला. जोडवाक्य एकच असतं, पण तेही आदल्या दिवशी लिहूनच न्या, आयत्या वेळी तोंडातून "आता धड्याकडे वळू" हेच येतं, जिभेला वळणच तसं पडलेलं आहे.

सावधान: धडा सुरू झाल्यावर पहिल्याच परिच्छेदात उत्तर मिळत असेल तर तिथून सुरू करू नका. वाचनाचा क्रम बदलला तरी चालतो, उत्तर तासाच्या मध्याच्या पुढे यायला हवं.

## 8. तास संपताना चौकटीकडे परत या

शेवटची तीन मिनिटं यासाठी राखीव. फळ्यावरच्या एकेका अंदाजाचं काय झालं ते मुलांनाच सांगू द्या, कुठला टिकला, कुठला अर्धा बरोबर होता, कुठला चुकला आणि पुस्तकातल्या कुठल्या ओळीने चुकला. वहीच्या शेवटच्या पानावरच्या स्वतःच्या ओळीखाली प्रत्येकाने एक दुरुस्ती लिहायची. घंटा झाली म्हणून हे गाळलंत तर पुढच्या वेळी अंदाज लिहिताना मुलं "कायपण" लिहितात. वेळच उरला नाही तर पुढच्या तासाची सुरुवात याच चौकटीने करा, फळ्याचा फोटो मोबाईलवर काढून ठेवा म्हणजे झालं.

ही दुरुस्तीची ओळ घटक चाचणीच्या आधी उजळणीलाही उपयोगी पडते, "कारणे द्या"ची निम्मी उत्तरं त्यात सापडतात.

## 9. रोज करायचं का?

नाही. घटकाच्या पहिल्या तासाला पूर्ण सात मिनिटं, मधल्या तासांना फक्त एक प्रश्न फळ्यावर, एवढं पुरे. नागरिकशास्त्राच्या तासाला हाच क्रम चालतो, साहित्य बदलतं.

## 10. दुसऱ्या तुकडीत जाताना

हे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत. 7 अ मध्ये तिसऱ्या तासाला किल्ले वाटलेत आणि 7 ब मध्ये सहाव्या तासाला जाणार असाल, तर मधल्या सुट्टीत डब्याबरोबर उत्तरही पोचलेलं असतं. तुम्ही नकाशा काढायला घेताच आवाज येतो, "बाई, सिंहगड द्यायचा, राजगड ठेवायचा!" चिडू नका, त्याला गप्पही करू नका.

दोन उपाय आहेत. एक, प्रश्न उलटा करा. ब तुकडीला उत्तर आधीच फळ्यावर लिहून द्या, हे चार दिले, हे तीन ठेवले, आणि विचारा, "समोर मिर्झाराजे जयसिंगांसारखा मुरलेला मुघल सेनापती असताना त्याने हे तीन सोडून द्यायला मान्यता का दिली असेल?" किंवा नुसतं, "दिलेले चार नकाशावर कुठे आहेत, ठेवलेले तीन कुठे आहेत, त्यावरून काय दिसतं?" दोन, अ तुकडीत चौकट पूर्ण करताना एक अंदाज मुद्दाम उघडा ठेवा आणि ब तुकडीसमोर तो अ वाल्यांचा म्हणून मांडा, तो खोडून काढायला ब तुकडी जितकी कसून वाचते तितकी परीक्षेलाही वाचत नाही. तीन तुकड्या असतील तर पुढच्या घटकाला क्रम फिरवा, दर वेळी क ला शिळं मिळायला नको.